परत न आलेला पेशंट म्हणजे खूष पेशंट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४५

आमच्या प्लास्टिक सर्जन संघटनेचा फॉर्म आला आहे. 'कामातील समाधान' या विषयावर पाहणी. बेचाळीस प्रश्न. ज्यांच्याकडे पेशंट येत नाहीत अशा लोकांनी बसून काढलेले दिसतात. प्रश्न सातवा: सकाळी कामावर जाताना तुम्हाला कसं वाटतं? पर्याय पाच. मी सहावा पर्याय हाताने लिहिला: ज्याला हा प्रश्न पडतो त्याने दुसरा धंदा बघावा.

पाठोपाठ सेक्रेटरीचा फोन. एक मार्चच्या वार्षिक परिषदेत 'तीस वर्षांनंतरही समाधानी?' असं सत्र ठेवलंय, त्यात आठ मिनिटं बोला म्हणाला. मी म्हटलं, ते शेवटचं प्रश्नचिन्ह काढा, मग बोलतो. तो म्हणाला, पत्रिका छापून झाली. हल्ली छापखान्यातसुद्धा असमाधानी माणसं बसतात.

तर भाषणाला पुरावा हवा. म्हणून महिनाभर ही वही. रोज समाधानाचे दहापैकी मार्क. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

आजचे मार्क: १०. (अजून क्लिनिकला गेलेलो नाही.)

दुसरी गोष्ट. कन्या आजपासून क्लिनिकला येणार. गेल्याच महिन्यात तिचं प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण संपलं. आता माझी गादी तिने चालवायची. ती म्हणाली, बाबा, महिनाभर येऊन बघते, मग सांगते. बघण्यासारखं काय आहे त्यात? राजपुत्र काय राज्य महिनाभर वापरून बघतात? मागची स्टोअर रूम रिकामी करून तिची केबिन केली आहे. दारावर पाटीसाठी खिळेसुद्धा ठोकून घेतले. ही, म्हणजे बायको, म्हणाली, पाटी येईपर्यंत त्यांच्यावर छत्र्या अडकवा. ही शाळेत गणित शिकवते. समोर चाळीस मुलं सक्तीने बसवलेली असतात, त्यामुळे तिला स्वतःचे विनोद चांगले वाटतात.

संकल्प. एक: कन्येसमोर पेशंटना नावं ठेवायची नाहीत. दोन: रोज चाळीस मिनिटं चालायचं. तीन: जळीतवालीचा विषय काढायचा नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

पहिला संकल्प सव्वादहाला मोडला. माझा दोष नाही. पहिलीच बाई मासिकातला फोटो घेऊन आली. म्हणे मला अस्संच नाक हवं. फोटोतल्या मुलीचा चेहरा कलिंगडाच्या फोडीएवढा, हिचा अख्ख्या कलिंगडाएवढा. त्यावर ते नाक शोधायला भिंग लागेल. ती बाहेर गेल्यावर मी हे बोललो. सिस्टर हसली. कन्या हसली नाही.

मग एक बँकवाला. पन्नाशीचा. डोळ्यांखालच्या पिशव्या काढा म्हणाला. साधं काम, पाऊण तासाचं. म्हणून कन्येकडे पाठवला. ती पन्नास मिनिटं नुसती बोलत बसली! आणि त्याला ऑपरेशन न करताच परत पाठवलं. जाताना तो तिचा हात हातात घेऊन हसत गेला. मी तिला समजावलं की ऑपरेशन न करता पेशंट खूष करणं म्हणजे हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकाला घरी जाऊन जेवा असं सांगणं. ती म्हणाली, बाबा, त्याला पिशव्या नव्हत्या. त्याची बायको गेली आठ महिन्यांपूर्वी. तो रडत होता.

मी म्हटलं, रडण्यानेही पिशव्या येतात. शास्त्र आहे ते.

मार्क: ९. एक कन्येमुळे कापला.

चालणं: उद्यापासून. आज बूट शोधले.

५ फेब्रुवारी, बुधवार

कन्या छान रमते आहे. दिवसभर गप्प होती. म्हणजे सगळं टिपून घेते आहे. मी या वयात असाच होतो. मार्क: १०.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२

कन्या आली नाही. दर गुरुवारी ती सरकारी रुग्णालयात जाणार आहे म्हणे. जळीतवालीकडे.

आता विषय निघालाच आहे, आणि मी काढलेला नाही, तर लिहून टाकतो. जळीतवाली माझ्याच बॅचची. दोन सुवर्णपदकं. मनात आणलं असतं तर आज माझ्यासारखं क्लिनिक असतं तिचं, काचेचा दरवाजा, रिसेप्शनला फुलं, मासिकं. पण नाही. तीस वर्षं त्याच जळीत वॉर्डात भाजलेली माणसं आणि मशीनमध्ये सापडलेले हात. पंखा चालतो तेव्हा आवाज करतो, चालत नाही तेव्हा माश्या करतात. परिषदेलासुद्धा बाई त्याच चपला घालून येते ज्या वॉर्डात घालते. याला काही लोक त्याग म्हणतात. मी याला नियोजनाचा अभाव म्हणतो.

मीही तिथे सुरुवातीला दोन वर्षं होतो. सोळा सोळा तास उभे असायचो आम्ही दोघं. जेवण म्हणजे दोन ऑपरेशनांच्या मध्ये उभ्या उभ्या बिस्किटं. मूर्खपणा. तरुण रक्तात मूर्खपणा खपून जातो. वेळीच शहाणा झालो.

कन्येलाही चार गुरुवारांत वास नकोसा होईल. तोपर्यंत काही बोलायचं नाही.

मार्क: १०. अर्धा दिवस एकही पेशंट नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार

एका ठेकेदाराच्या पोटाची चरबी. तीन तास. कन्या मदतीला. टाके घालताना भूलवाला, म्हणजे आमचा भूलतज्ज्ञ, गेली एकोणीस वर्षं माझ्या टेबलाच्या डोक्याशी बसणारा प्राणी, कन्येला म्हणाला की तुझ्या बाबांनी आज चौदा वेळा घड्याळ बघितलं, मी मोजलं. मी म्हटलं, सर्जनला वेळेचं भान लागतं. तो म्हणाला, भान असलेला माणूस दोनदा बघतो.

पेशंटला झोपवून वर स्टूलवर बसून शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसाने हे बोलावं! उचलली जीभ लावली टाळ्याला. आज त्याला आडवा शब्द 'नैराश्य' पाच मिनिटं सुचत नव्हता. मी ऑपरेशन करता करता चटकन सांगितला.

मार्क: १०.

चालणं: पार्किंगपासून दारापर्यंत. सावकाश गेलो, त्यामुळे वेळ बराच झाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज कन्येला माझा आल्बम दाखवला. ऑपरेशनआधी आणि ऑपरेशननंतर, डावीकडे उजवीकडे. पान एकवर माझं सर्वोत्तम नाक. नऊ वर्षांपूर्वीची एक बाई. असं निमुळतं टोक, अशी बारीक दांडी, की परिषदेतल्या लोकांनी फोटोचे फोटो काढून नेले होते. उजव्या नाकपुडीखाली एक छोटा तीळ आहे. तो मी मुद्दाम ठेवला. कलाकाराने कुठे थांबायचं ते कळायला हवं.

कन्येने तीन प्रश्न विचारले. ही बाई काय करते? माहीत नाही. आता कशी आहे? माहीत नाही. नंतरचा फोटो कधीचा? तीन महिन्यांनंतरचा. ती म्हणाली, बाबा, नाकाची खरी परीक्षा पाच-सात वर्षांनी होते ना? आत आधार कमी ठेवला तर हळूहळू बसत जातं.

पुस्तकी पोर. मी तिला माझं सूत्र सांगितलं. तीस वर्षांच्या अनुभवाचं सार आहे ते: ज्याला त्रास होतो तो परत येतो. जो परत येत नाही तो खूष असतो. ही बाई परत आली का? नाही. झालं तर मग.

बोलता बोलता लक्षात आलं की माझ्या भाषणाचा गाभा हाच. समाधान मोजायचं तर फॉर्म कशाला भरायला हवेत? कोण परत आलं नाही ते मोजा. बेचाळीस प्रश्नांना एका वाक्यात पुरलं.

मार्क: १०. खरं म्हणजे ११, पण शिस्त म्हणजे शिस्त.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कन्येला सरकारी रुग्णालयात सोडून आलो. वाटेतच होतं. (विरुद्ध दिशेला आहे, पण आज पहिला पेशंट अकराला होता.) आत जायचं नव्हतं. गाडी लावायला जागा मिळाली म्हणून गेलो.

जे पाहिलं ते असं. एक मजूर खाटेवर बसलेला. प्रेसमध्ये अंगठा गेलेला. जळीतवालीने त्याच्या पायाचं बोट काढून हाताला अंगठा म्हणून लावलंय. आज तो त्या बोटाने शर्टाचं बटण लावत होता. त्याच्याभोवती बारा माणसं कोंडाळं करून उभी! डॉक्टर, सिस्टर, शेजारच्या खाटेवरचे पेशंट, झाडूवाली. चार मिनिटं लागली त्याला एका बटणाला. लागल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी कन्या सगळ्यात जोरात. शिकलेल्या मुलीने बटणाला टाळ्या वाजवाव्यात! जळीतवाली कोपऱ्यात उभी राहून बिस्किट खात होती. चपला त्याच. मला म्हणाली, ये रे, पुढच्या बटणाला थांब. मी म्हटलं, मला कामं आहेत.

जाताना म्हातारी सिस्टर आडवी आली. अजून निवृत्त झाली नाही ही बया. म्हणाली, साहेब, तुम्ही त्या भाजलेल्या पोरीच्या पापणीला सहा तास बसला होतात, आठवतं का? मी म्हटलं, नाही बुवा, इतके पेशंट असतात.

(डावी पापणी. शेवटचा टाका घातल्यावर तिने डोळा मिटून दाखवला होता. असो. जुनी गोष्ट.)

अकराच्या पेशंटला साडेअकरा झाले. मार्क: १०. त्या घाणीतून सुटलो याचे जास्तीचे धरून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नाकाचं ऑपरेशन. कन्या समोर उभी. मी आतलं मऊ हाड काढत होतो तेव्हा म्हणाली, बाबा, बास आता, आधार राहणार नाही. पेशंट झोपलेला असताना! म्हणजे ऐकायला तो नव्हता, पण सिस्टर होती, भूलवाला होता. मी म्हटलं, गिऱ्हाइकाला बारीक नाक हवं असतं, आधार नको असतो. तिने सुरी बाजूला ठेवली आणि बाकीचा वेळ नुसता चिमटा धरून उभी राहिली. पालथ्या घड्यावर पाणी. हे सगळं त्या गुरुवारांचं फळ आहे. तिथे लोकांना जे मिळेल ते चालतं. इथे आरसा घेऊन बसतात.

जेवताना ती म्हणाली, तुम्हाला यातलं काय आवडतं, बाबा? मी म्हटलं, सगळंच. ती म्हणाली, एक सांगा ना. मी म्हटलं, परिषद.

मार्क: १०.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आकडे हातात आले! रिसेप्शनिस्टला चार दिवस बसवून जुन्या नोंदी काढल्या. आजवरची नाकं: आठशे बारा. एका वर्षानंतर तक्रार घेऊन परत आलेली: एक्केचाळीस. म्हणजे पंचाण्णव टक्के खूष. जगात कुठल्या धंद्यात पंचाण्णव टक्के लोक खूष असतात? लग्नात तरी असतात का?

उत्साहाच्या भरात हिला स्लाइड दाखवली. ही चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बुडालेल्या जहाजावरचे प्रवासीसुद्धा तक्रार करायला परत येत नाहीत.

मी म्हटलं, तू गणिताची, तुला माणसांचं काय कळणार? म्हणाली, मी फक्त तुमच्या गणिताबद्दल बोलले. नाकाने कांदे सोलायची सवय आहे या घरात सगळ्यांना. मी एकटाच साधा माणूस.

मार्क: १०. स्लाइड निळ्या रंगात केली आहे.

चालणं: बूट चावतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कन्येने आगाऊपणा केला. मला न विचारता पंचवीस जुन्या पेशंटना फोन लावले, कशा आहात म्हणून. म्हणे बाबा, तुमच्या भाषणाला उपयोग होईल. सतराजणांनी उचललाच नाही. दोघींनी माझं नाव ऐकून ठेवून दिला. तिघं बरे आहेत. उरलेल्या तिघांनी दुसरीकडे जाऊन पुन्हा करून घेतलं. कुठे, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी स्पष्ट सांगितलं, हे बंद. झाकली मूठ असते ती उघडून बघायची नसते. आठ मिनिटांच्या भाषणात इतकं तपशिलात जाता येत नाही. ती बरं म्हणाली. सध्या बरं फार म्हणते. एकंदरीत समजूतदार होते आहे.

पाटी करायला टाकली. पितळी. नाव कोरलेलं.

मार्क: १०.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भाषणाची तालीम. श्रोता म्हणून भूलवाल्याला बसवलं. तिसऱ्या मिनिटाला झोपला. दुसऱ्यांना औषध देऊन झोपवणाऱ्या माणसाने बिनऔषधाचं झोपणं हे धंद्याला शोभत नाही. उठून म्हणाला, छान झालं. मी विचारलं, तू समाधानी आहेस का रे? म्हणाला, मी तुझ्यासारखा दिवसभर स्वतःला समजावत बसत नाही, त्यामुळे बराच वेळ वाचतो.

गाढवाला गुळाची चव काय.

कन्येला सांगितलं की परवा पहिल्या रांगेत बस. भाषणाच्या शेवटी मी जाहीर करणार आहे की माझी मुलगी सोमवारपासून माझी भागीदार. सभागृह उठून टाळ्या वाजवेल. बटणाला वाजवल्या तशा नाही. खऱ्या. तिला अजून सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे.

मार्क: १०.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५.३०

परिषद झाली. एकंदरीत यशस्वी. क्रमाने लिहितो.

सकाळचं शेवटचं सत्र जळीतवालीचं. 'पुन्हा करावी लागलेली नाकं'. चपला त्याच. तिने एका बाईचं नाक दाखवलं. डोळ्यांवर काळी पट्टी, म्हणजे पेशंट ओळखू येऊ नये. खाली लिहिलेलं: मूळ शस्त्रक्रिया अन्यत्र. काय ते नाक! टोक चिमटीत धरल्यासारखं आवळलेलं, दांडी मध्येच बसलेली, एक नाकपुडी श्वास घेताना आत ओढली जाते. बाई चार वर्षं उशीला टेकून बसून झोपायची. शेवटी बरगडीचं मऊ हाड काढून आत आधार दिला तेव्हा श्वास मोकळा झाला.

ती म्हणाली, कुणाला काही बोलायचंय? मी माइक घेतला. घेणारच. समोर कन्या बसली होती, तिला कळायला हवं की बाप नुसता स्लाइड दाखवणारा नाही, त्याला नजर आहे.

चार मिनिटं बोललो. म्हटलं, हे ज्याने केलं तो सर्जन नाही, सुतार आहे. मग सुतारांची माफी मागितली, कारण सुतार खुर्चीला निदान चार पाय ठेवतो. लोक खो खो हसले. म्हटलं, लोभ आणि अज्ञान दोन्ही एकाच नाकात बघायचं असेल तर हे बघा. अशा माणसाच्या हातातली सुरी काढून घ्यावी आणि त्याला भाजी चिरायला बसवावं. टाळ्या! जळीतवाली हळूच म्हणाली, इतकं कठोर नको, आपल्या सगळ्यांच्याच हातून कधी ना कधी होतं. मी म्हटलं, सगळ्यांच्या नाही, मॅडम. पुन्हा टाळ्या.

कन्येने टाळ्या वाजवल्या नाहीत.

जेवणाच्या रांगेत ती माझ्या मागे उभी राहिली. हातात रिकामी प्लेट. म्हणाली, बाबा, उजव्या नाकपुडीखाली तीळ होता. पान एक.

मी म्हटलं, तीळ काय, कुणालाही असतो.

ती म्हणाली, मी त्या बाईशी बोलले आहे. तुमच्याकडेच झालं होतं. वर्षाच्या आत एकदा दाखवायला आली होती, तर तुम्ही म्हणालात, श्वास कोंडतो हा मनाचा खेळ आहे.

भूलवाला प्लेट घेऊन आला. म्हणाला, मी पण ओळखलं होतं रे, तुला खूण करत होतो, पण तू फार रंगात आला होतास.

आता शांतपणे विचार केला तर: नऊ वर्षांत प्रत्येकाचंच नाक बदलतं. प्रकाशही चुकीचा होता. बाजूने टाकलेला. मी कधीच तसा टाकत नाही, त्याने सगळे खड्डे दिसतात.

जेवलो नाही. भूक नव्हती.

दुपारी माझं भाषण. पंचाण्णव टक्क्यांची स्लाइड गाळायचं ठरवलं होतं, पण चुकून बटण दाबलं गेलं आणि ती आलीच. निळी. भलीमोठी. मी वाक्य पूर्ण केलं. जो परत येत नाही तो खूष. मागून एका तरुण सर्जनने विचारलं की सर, परत येत नाहीत ते जातात कुठे? निरागस प्रश्न होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. पण सभागृहातल्या निम्म्या लोकांनी वळून जळीतवालीकडे बघितलं. ती खाली मान घालून कागद चाळत होती. तिने वर बघितलं असतं तर बरं झालं असतं. मान खाली घातली म्हणून सगळ्यांना कळलं.

कुणी बोललं नाही. भाषणाचा प्रभाव पडला की असं होतं.

भागीदारीचं जाहीर करायचं राहून गेलं. आठ मिनिटं संपली होती. (सहाच झाली होती.)

येताना गाडीत कन्या गाडी चालवत होती. मी म्हटलं, ही बाई मुद्दाम करते. ती म्हणाली, त्यांनी तुमचं नाव कधीच घेतलं नाही, बाबा. एवढ्या गुरुवारांत माझ्याजवळसुद्धा नाही. मी त्या पेशंटकडून ऐकलं.

मार्क: दमलो आहे. उद्या.

२ मार्च, रविवार. सकाळी ११

कन्येने चहा करून आणला आणि समोर बसली. उद्यापासून सरकारी रुग्णालयात. पूर्णवेळ. जळीत आणि हात. जागा मिळाली आहे.

मी शांत राहिलो. फक्त एवढंच म्हटलं की तुला मोठं केलं, शिकवलं, खोली रिकामी केली, पाटी टाकली, आणि तू बापाला सोडून त्या चपलांकडे चाललीस. ती म्हणाली, कालच्यामुळे नाही. काल उलट मला तुमच्यासाठी रडू आलं.

मी व्यवहार्य तोडगा सुचवला: सकाळी तिथे, संध्याकाळी माझ्याकडे. नको म्हणाली. फक्त शनिवार? नको. मी म्हटलं, कारण दे. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, बाबा, तिथे काम संपल्यावर मी थकते. इथे काम सुरू व्हायच्या आधीच थकते.

तरुणपणी सगळ्यांना असले झटके येतात. मलाही आला होता, दोन वर्षांत उतरला. हिचाही उतरेल. सहा महिने. फार तर वर्ष. पाटी पितळेची आहे, गंजत नाही.

संकल्प: एक: तिच्याशी अबोला. दोन: जेवताना बोलायचं, नाहीतर हिला कळेल. तीन: जळीतवालीला एक पत्र लिहायचं, कडक.

दुपारी ३. पत्राला बसलो. 'प्रिय' लिहिलं. ते खोडलं. पुढे सुचलं नाही.

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०

कन्या साडेसहालाच गेली. जिन्यावरून पळत गेली. एवढा आवाज करत उतरायची गरज नव्हती.

ही शाळेची पिशवी भरत होती. मी सहज म्हटलं, एका परिषदेमुळे पोरीने डोक्यात राख घालून घेतली. ही म्हणाली, परिषदेचं काही नाही. तिने तिसऱ्याच दिवशी ठरवलं होतं. मला सांगितलं होतं.

मी म्हटलं, मग बाकीचा महिना कशाला आली? नाटक करायला?

ही पिशवीची चेन लावत होती. ती अडकली होती, म्हणून खाली बघतच बोलली. म्हणाली, तिने स्वतःशी ठरवलं होतं की बाबा एक दिवस, एकच दिवस, आनंदाने ऑपरेशनला जाताना दिसले तर मी थांबेन. म्हणून येत राहिली. शेवटच्या दिवसापर्यंत बघत होती.

मी म्हटलं, खोटं. अठरा तारखेला मी शीळ वाजवत निघालो होतो. मला चांगलं आठवतंय.

ही म्हणाली, त्या दिवशी पेशंटने ऑपरेशन रद्द केल्याचा फोन आला होता.

चेन लागली. ही माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. बोलली असती तर परवडलं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

८.५०. सिस्टरचा फोन. नऊचं पोट टेबलावर घेतलंय, भूलवाला आला आहे. निघालो म्हणून सांगितलं.

९.०५. बूट घालून खुर्चीत बसलो आहे. मला जायचं नाही. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे, पण वाटतंय ते आज पहिल्यांदा नाही. किती वर्षं झाली ते मोजायचा प्रयत्न केला. त्या पापणीपासून पुढे मोजावं लागतं.

९.१५. पुन्हा फोन. निघालो म्हणून सांगितलं.